शीग उतरवणारा इरफान

पौडच्या बाजारपेठेत नसीरभाईंची भाताची गिरणी आहे. गल्ल्यावर नसीरभाई बसले असले की डोंगरातल्या वाड्यांवरच्या बाया थांबतात. त्यांचा मुलगा इरफान बसलेला दिसला की पुढे निघून जायच्या. कारण विचारलं तर एकच सांगायच्या, "त्यो शीग काढतोय, बाई."

शीग म्हणजे काय ते शहरातल्या वाचकाला सांगावं लागेल. आमच्याकडे वाड्यांवरची माणसं अजूनही नाचणी देऊन तांदूळ नेतात. गिरणीत इलेक्ट्रॉनिक काटा आहे, पण या देवघेवीला नसीरभाई त्यांच्या वडलांच्या वेळची अधोली काढतात. दोन शेरांचं माप. पहिल्या मापाला ते एक म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात, मग दोन, तीन. आणि प्रत्येक माप काठोकाठ भरल्यावरही हात थांबवत नाहीत. वर तांदळाचा डोंगर उभा राहतो, दाणे कडेनं ओघळायला लागतात, तेव्हा ओततात. तो वरचा डोंगर म्हणजे शीग. ती मोजण्यात धरायची नसते. ती देणाऱ्याची अब्रू असते. सपाट माप देणाऱ्याच्या दारात आमच्याकडे सोयरीकसुद्धा कुणी नेत नाही.

इरफान नेमकं सपाट माप द्यायचा. नकाशावर रेघा मारायची एक पारदर्शक प्लास्टिकची पट्टी त्याच्याकडे होती. अधोली भरली की तिच्यावरून पट्टी ओढायचा. सर्रकन. वरचं सगळं पाटीत परत.

मी त्याला भर बाजारात बोलले होते. म्हटलं, आफ्रिकेत विमानं उडवून आलास आणि गरिबाच्या मूठभर दाण्यांवर उतरलास का? तो चिडला असता तर माझं भांडण रंगलं असतं. तो एवढंच म्हणाला की मला शीग बघवत नाही, ताई. आणि पट्टी शर्टाला पुसून खिशात ठेवली. मला तेव्हा तो माजोरडा वाटला. माणूस ओळखण्यात मी फार चुकत नाही, पण त्या दिवशी चुकले.

नसीरभाईंची माण गावात दीड एकर जमीन होती. ती आयटी पार्कात गेली. भाऊबंदांनी आलेल्या पैशांतून खोल्या बांधल्या आणि भाडं खात बसले. नसीरभाईंनी पोराला बारामतीला विमान शिकायला घातलं. पौडात लोक हसले. गिरणीवाल्याचं पोरगं आणि विमान. लायसन मिळालं, पण मोठ्या कंपन्या विचारायच्या, उडवण्याचे तास किती झाले? तास नाहीत म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून तास नाहीत. शेवटी कुणाच्या तरी ओळखीनं इरफान काँगो देशाच्या पूर्वेला गेला. तिथल्या डोंगरात कित्येक वर्षं लढाई चालू आहे. कोण कुणाशी लढतंय हे तिथल्या माणसांनाही दर महिन्याला नव्यानं विचारून घ्यावं लागतं, असं तो म्हणायचा. सात वर्षं तो तिथे एका छोट्या कंपनीचं छोटं विमान चालवत होता. एकच इंजिन, पंख वरच्या बाजूला, आत नऊ माणसं किंवा तेवढीच पोती. मीठ, औषधं, वह्या, साबण न्यायचा. येताना आजारी माणसं आणायचा.

दीड वर्षापूर्वी तो परत आला. का आलास, ते कुणाला सांगितलं नाही. आई रोशनबींनी विचारलंही नाही. पोरगं जिवंत आलं, बास.

आमच्या संघटनेनं वर्गणी काढून एक जुनी जीप घेतली होती. वरच्या वाड्यांपर्यंत ॲम्ब्युलन्स जात नाही. रस्ता मंजूर झाल्याचं मला तीन वेगवेगळ्या साहेबांनी तीन वेळा सांगितलंय, तिन्ही वेळा चहा पाजून. पावसाळ्यात त्या वाटेवर गाडी घालायला पौडातला एकही ड्रायव्हर तयार होत नव्हता. इरफान आपणहून आला आणि चावी मागितली. तेव्हापासून मी त्याच्या शेजारी बसून तासन्‌तास डोंगर चढले-उतरले, आणि तुकड्या-तुकड्यानं त्याचं तिकडचं उडणं ऐकलं.

तिथला विमानतळ म्हणजे काय, तर आमच्या इकडच्या रिह्याच्या खोऱ्यात उतारावरचं एखादं लांबट खाचर घ्यावं आणि दगड वेचून मोकळं करावं. एका टोकाला डोंगराची भिंत, दुसऱ्या टोकाला दरी. उतरायचं ते चढावर, डोंगराकडे तोंड करून. उडायचं ते उतारावरून, दरीकडे पळत. येताना एक ठरावीक झाड ओलांडलं की मागे फिरायला जागा नाही, मग खाली बैल येवो की बंदूकवाला, उतरावंच लागतं. खोऱ्यातून जाताना मधोमध जायचं नाही. एका अंगाचा डोंगर धरून जायचं, म्हणजे पुढे ढग आडवा आला तर वळायला सगळं खोरं शिल्लक राहतं. दुपारी ढग डोंगरांवर येऊन बसतात, म्हणून काम सगळं सकाळचं. आसपास गोळीबार आहे असं कळलं तर लांबून हळूहळू खाली येत जायचं नाही, धावपट्टीच्या बरोब्बर डोक्यावर उंच जायचं आणि तिथेच घिरट्या घालत उतरायचं, घार उतरते तसं.

"भीती नाही वाटायची?" मी एकदा विचारलं होतं.

"वाटायची ना. पण कंटाळा जास्त यायचा," तो म्हणाला. "रोज तेच मीठ, तोच डोंगर, तीच माणसं पळताना."

आणि काटा. प्रत्येक पट्टीवर एक टांगता काटा असायचा. पोती त्यावर, आणि माणसंही. उंचावर हवा पातळ, ऊन वाढलं की आणखी पातळ, विमानाला धरायला काही राहत नाही. म्हणून माणूस त्याच्या गाठोड्यासकट तोलायचा आणि बेरीज ठरलेल्या आकड्यावर आली की दार लावायचं. इरफान पहिली तीन वर्षं दार लावायचा नाही. काटा झाला की कुणी कोंबडी आणायचं, कुणी घेवड्याचं पोतं, कुणी मांडीवर बसवायला लेकरू. तो 'वर' म्हणून घ्यायचा. बापाचा हात होता तो. मोजून झाल्यावर वर द्यायचं असतं, हे त्याच्या अंगात होतं. तिकडची माणसं त्याच्यावर खूश होती.

मग एका सकाळी, काटा झाल्यावर एक घेवड्याचं पोतं आणि दोन लेकरं वर घेतली. विमान उतारावरून पळालं, पट्टी संपली, आणि चाकं उचलेनात. कसं उचललं ते त्यालाही ठाऊक नाही. खाली उतरल्यावर मेकॅनिकनं चाकात अडकलेलं काहीतरी ओढून काढलं आणि त्याच्या हातात दिलं. केळीचं पान होतं. दरीच्या कडेला केळीची बाग होती, तिच्यातलं. आत अकरा माणसं होती.

त्या दिवसापासून सपाट माप.

हे ऐकल्यावर मी गिरणीतल्या पट्टीबद्दल त्याला पुन्हा बोलले नाही. पण माझं समाधानही झालं नाही. मरता मरता वाचलेला माणूस घाबरतो, हे कळतं. याच्यात घाबरणं नव्हतं. दुसरंच काहीतरी होतं.

यंदा भाद्रपदात कंपनीचं पत्र आलं. ज्या भागातल्या पट्ट्या लढाईमुळे बंद पडल्या होत्या त्यांतली एक उघडतेय, तिथली वाट माहीत असलेला वैमानिक हवाय, पंधरा तारखेच्या आत हो किंवा नाही कळवा. रोशनबींनी चूल पेटवली, स्वयंपाक केला, पण दोन दिवस घरात शब्द बोलल्या नाहीत. नसीरभाई मला म्हणाले, तूच सांग त्याला, तुझं ऐकतो. मी सांगितलंच. माझाही स्वार्थ होता, लपवत नाही. तो गेला तर जीप दारात कुजणार आणि वरच्या वाड्यांवरची माणसं पुन्हा झोळीत बसून खाली येणार. मी म्हटलं, तिकडचे डोंगर काय आणि इकडचे काय, माणसं इथेही मरतात. तो म्हणाला, बघू. त्यानं काहीच ठरवलं नव्हतं. मोबाईलवर ते पत्र उघडायचा आणि बंद करायचा.

आठ तारखेला सकाळी बहिरूचा फोन आला. बहिरू वरच्या माळावरच्या धनगरवाडीतला. त्याची सून राणी, पहिलटकरीण, पहाटेपासून अडली होती. आम्ही निघालो. वाडीत पोचलो तर राणीसोबत सगळी वाडी तयार. आमच्याकडे बाई बाळंतपणाला एकटी धाडत नाहीत, मागे कुणी नाही असं दिसतं. सासू लिलाबाई, जाऊ, सुईण, नवरा पप्पू, बहिरू, दोन म्हातारे, नाचणीचं पोतं, एक कोंबडी, आणि दवाखान्याच्या मागच्या अंगाला चूल मांडायला जळणाचा भारा. इरफाननं जीपच्या मागच्या दांडीला नेहमीसारखा टांगता काटा अडकवला होता. पोतं आणि भारा काट्याला लावून बघितला आणि म्हणाला, पोतं राहू दे, माणसं पाच.

बहिरू म्हणाला, "आरं, ती बाळंतपनाला निघालीया. तुझ्या इमानात न्हाई."

सगळे हसले, राणीसुद्धा, कळा चालू असताना. तरी म्हातारे आणि बहिरू खाली राहिले. कोंबडी राहिली. भारा कुणीतरी त्याच्या नकळत मागे टाकलाच.

अर्ध्या वाटेवर ओढ्यावर बांधलेली एक मोरी आहे. तिच्या पुढे खिंडीपर्यंत सरळ चढ, तांबडी माती, त्या दिवसांत शेवाळासारखी निसरडी. इरफान मोरीपाशी थांबला, उतरला, वाकून बघून आला. मोरीची एक बाजू आम्ही जाताना होती त्यापेक्षा आणखी खचली होती. त्यानं मागचा भारा खाली काढला. मग म्हणाला, एक माणूस उतरवा. सुईण लागेल, जाऊ तिला धरायला लागेल, पप्पू अडला तर ढकलायला लागेल. लिलाबाई.

लिलाबाई म्हणाली, "मी कशाला उतरू? सून माजी हाय."

मी खवळले. काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. म्हातारीला रानात सोडणार, लाज वाटते का, मी उतरते, असंही म्हटलं. तो म्हणाला की तुम्ही उतराच, पण तुमच्यानं भागत नाही, दोघी उतरा आणि तुम्ही चालत खिंडीत या, तिच्या गुडघ्यानं ते व्हायचं नाही. हे सगळं इतक्या सपाट आवाजात की मला तोंडात मारावंसं वाटलं.

मग तो लिलाबाईपुढे गेला आणि दोन बोटं वर केली.

"दुसरी खेप, आजी. मी येतो."

ती उतरली. कुरकुरत, पण उतरली. तिनं जीपच्या पत्र्यावर दोनदा थापटलं, बैलाला चल म्हणून थापटतात तसं. मी इरफानकडे बघत होते, अजून चार शब्द सुनवायला. तो पत्र्यावरच्या त्या थापटलेल्या जागेकडे बघत होता. मग गाडीत बसला.

जीप मोरीवरून गेली. चढावर मागची चाकं एकदा फिरली, घसरली, पुन्हा धरली. आणखी एक माणूस असतं तर काय झालं असतं, हे मी खिंडीत पोचेपर्यंत, चिखल तुडवताना, कबूल केलं. मोठ्यानं नाही.

अकराच्या सुमारास राणीला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आत घेतलं. इरफाननं जीप तिथेच वळवली. मी विचारलं, कुठे? तोवर बहिरू मोरीपाशी पोचून बायकोला घरी घेऊन गेला असणार, हे शेंबडं पोरही सांगेल. तू चहा घे, बस जरा.

"खेप बाकी आहे," तो म्हणाला.

मी शेजारी चढून बसले. खरं सांगायचं तर उरलेलं भांडण करायला. पण बोलला तोच, आणि रस्त्यावरची नजर न काढता.

तिकडच्या शेवटच्या सकाळी त्या केळीच्या बागेपासच्या पट्टीवर गावच्या गाव उभं होतं. पलीकडच्या डोंगरावर तोफा वाजत होत्या. त्यानं काटा लावला. जखमी, लेकरं, दोन गरोदर बाया, असं करत ठरलेल्या आकड्यावर आला. वारा पाठीमागून होता, ऊन चढलं होतं. रांगेत पुढची एक बाई होती, चाळिशीची असेल, गाठोड्यासकट काट्यावर चढली. एकेचाळीस किलो. त्यानं मान हलवली. तिनं हात जोडले नाहीत, रडली नाही. त्यानं दोन बोटं दाखवली. दुसरी खेप. तिला पटलं. दार लावल्यावर तिनं विमानाच्या पत्र्यावर थापटलं, दोनदा, आणि बाजूला होऊन गाठोड्यावर बसली.

तो पंचवीस मिनिटांत पोचला, माणसं उतरवली, तेल भरलं. तेवढ्यात रेडिओवर आलं की पट्टी बंदूकवाल्यांच्या हातात गेली. कंपनीनं चावी काढून घेतली. तो ओरडला, भांडला, मेकॅनिकनं त्याला धरून ठेवलं. बास. पुढचं कुणालाच माहीत नाही.

"मी किती वेळा हिशोब केला, ताई," तो म्हणाला. "वारा एवढा, ऊन एवढं, तेल एवढं, आणि एकेचाळीस. कधी उत्तर येतं, विमान उचललं असतं. कधी येतं, केळीच्या बागेत गेलो असतो. रोज वेगळं येतं."

उरलेलं भांडण मी तिथेच सोडलं. माझ्यासारखीला हे अवघड जातं.

मोरीपाशी पोचलो. पाऊस बारीक पडत होता. जळणाच्या भाऱ्यावर, डोक्यावरून खताच्या गोणीची खोळ घेऊन, लिलाबाई बसली होती. एकटी. बहिरू येऊन गेला होता, घरी चल म्हणाला होता, ती हलली नव्हती. तो रागानं परत गेला होता.

इरफान उतरला आणि नुसता उभा राहिला.

"किती वेळ?" लिलाबाई म्हणाली. "पाय मुंग्यांनी भरलं."

"आजी, घरी का नाही गेलात?"

"येतो म्हनलास की. मंग बसले." तिनं हात पुढे केला, ओढ म्हणून. "राणीचं काय झालं?"

अजून काही नाही, पण आत घेतलंय, असं मी सांगितलं. इरफाननं तिला ओढून उभं केलं. मग सवयीनं भारा उचलून काट्याला लावायला गेला.

"मलाबी टांग आता त्याला," ती म्हणाली.

तो हसला. दीड वर्षात मी त्याला तसं हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसता जीपच्या मागे गेला आणि बराच वेळ आला नाही. लिलाबाईनं मला विचारलं, ह्याला काय झालं? मी म्हटलं, काही नाही, पाय मोकळे करतोय.

राणीला दुपारी मुलगी झाली.

मला वाटलं होतं, आता हा राहील. म्हातारी भेटली, ओझं उतरलं, संपलं. झालं उलटंच. तेराला सकाळी तो जीपची चावी घेऊन भरे गावात माझ्या घरी आला आणि म्हणाला, हो कळवलंय, उघडतेय ती तीच पट्टी आहे. मी तडकले. वाड्यांचं काय, तुझ्या आईचं काय, ती तिकडची बाई तुला सापडणार आहे का, असली तर कुठे असेल, हे सगळं एका दमात विचारलं.

तो म्हणाला, "ताई, लिलाबाई बसून होती."

एवढंच. चावी ओट्यावर ठेवली. काटा ठेवला आणि मोरीवरून जाताना कुठलं चाक कुठे धरायचं ते मला दोनदा समजावून सांगितलं, जणू मी ड्रायव्हर आहे. आता आहे. परवा वरच्या माळावर गेले तेव्हा दोन माणसं खाली उतरवली, आणि बहिरूच्या तोंडून जे ऐकलं ते मी इरफानला ऐकवलं होतं त्यापेक्षा कमीच होतं. दुसऱ्या खेपेला गेले. दमून जाते, पण जाते.

तो निघाला त्या सकाळी मी गिरणीत होते. विमानाच्या तिकिटावर तेवीस किलो सामान. रोशनबींनी आंबेमोहोर दिला होता, त्याची पिशवी बॅगेत घालून इरफाननं बॅग काट्यावर ठेवली. तेवीसला दोनशे ग्रॅम कमी. नसीरभाई म्हणाले, झालं. रोशनबींनी पाटीतून ओंजळभर तांदूळ उचलला आणि पिशवीत टाकला. काटा तेवीसच्या थोडा पुढे गेला. विमानतळावर कोण बघतंय एवढ्यासाठी, नसीरभाई म्हणाले.

इरफाननं पिशवीत हात घातला, तेवढाच तांदूळ काढला, आणि आईच्या ओंजळीत परत ठेवला.

"अम्मी, हे दुसऱ्या खेपेला."

रोशनबींनी त्याच्याकडे पाहिलं नाही. गल्ल्यावर अधोली भरलेली होती, काठोकाठ, पट्टी ओढलेली. त्यांनी ओंजळ तिच्यावर रिकामी केली. चार दाणे ओघळून गल्ल्यावर पडले. नसीरभाईंनी ते तसेच राहू दिले आणि गिऱ्हाइकासाठी आतून दुसरं माप काढलं.